छातीवरची शिकवणी

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला मी मेडिसिनमध्ये नापास झाले, तेव्हा मला शिकवायला जो माणूस भेटला तो हृदयरोगी होता. मला हृदयरोगतज्ज्ञ म्हणायचं असेल, असं समजून कुणी दुरुस्ती करायला जाऊ नये. रोगीच. सातवी शिकलेला, मूळचा शिरपूरकडचा, जळगावच्या एका लग्नाच्या बँडमध्ये बुकिंगची वही सांभाळणारा आणि पिंप्राळ्यात दोन खोल्यांत राहणारा. लहानपणी सांध्यांचा ताप आला, त्यात हृदयाची एक झडप आखडली. त्या आखडलेल्या झडपेवर धुळ्याच्या आमच्या कॉलेजातली किती पोरं डॉक्टर झाली, याची मोजदाद कुणी केलेली नाही. मी त्यांतली एक, आणि हे सांगताना मला आजही भारी वाटतं.

आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो.

आमच्या परीक्षेची रीत सांगितल्याशिवाय भाऊ कळायचे नाहीत. शेवटच्या परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला चिठ्ठी टाकून एक रुग्ण मिळतो. त्याच्याशी बोलायचं, त्याला तपासायचं, आणि तासाभराने बाहेरगावचे परीक्षक येऊन विचारतात, काय सापडलं? आता ऐन परीक्षेच्या दिवशी वॉर्डात मनासारखे रुग्ण असतीलच असं नाही. म्हणून ज्यांची लक्षणं ठळक आणि कायमची आहेत अशा लोकांना पोस्टकार्ड टाकून घरून बोलावून घेतात. ही मंडळी दर सहा महिन्यांनी येतात, खाटेवर पडतात, पोट दाबून घेतात आणि गावी जातात. त्यांना आपापला रोग पाठ असतो. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून येणारे आजोबा तर विद्यार्थी जवळ आला की लगेच वाढलेल्या प्लीहेचं मापच कुजबुजायचे, "साहेब, पानथरी. चार बोटं वाढेल शे."

भाऊंना हा प्रकार मुळीच खपत नसे. परीक्षेच्या खाटेवर रोगाच्या नावाबाबत ते मुके होत. कुणी कितीही काकुळतीला आलं तरी छताकडे बघत पडून राहत. त्यांचं म्हणणं असं की परीक्षेत सांगितलं तर पोरगा एकदा पास होतो, आणि परीक्षेआधी शिकवलं तर त्याच्या पुढच्या सगळ्या रुग्णांचं भलं होतं. म्हणून ते आधी शिकवायचे. दर रविवारी, पिंप्राळ्यात, स्वतःच्या छातीवर.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती आम्हाला सगळ्यांना माहीत होती आणि तरी आम्ही ती माहीत नसल्यासारखे वागलो. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी भाऊंकडे सहा वर्षं पडून होती. ऑपरेशन करून झडप मोकळी करता येईल, असं तिच्यात लिहिलं होतं. नाही केलं तर एक दिवस फुफ्फुसात पाणी भरून माणूस जातो, हे आमच्या पुस्तकात होतं, आणि भाऊंना ते आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी ते जात नव्हते. झडप मोकळी झाली की तिचा आवाज जाणार, आणि आवाज गेला की शिकवणी संपली. इतकं साधं आणि इतकं वेडं कारण होतं.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती मी नापास झाले त्याच दिवशी, आणि गंमत म्हणजे मी नापास झाले होते तेही त्यांच्याच छातीवर. चिठ्ठीत त्यांची खाट निघाली. मी स्टेथोस्कोपची नळी लावली, आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मात्र परीक्षक आल्यावर, हृदयातल्या जादा आवाजाचं पुस्तकी नाव घेऊन, मी ठणकावून सांगितलं, "सर, मर्मर आहे." सरांनी विचारलं, कुठला, कधी, कसा? तिथे माझं ततपप झालं. बाहेर येऊन कँटीनच्या मागच्या पायरीवर बसून मी डोळे गाळत होते. मी चाळीसगावची. वडील रेल्वेत गँगमन, आमच्या बौद्धवाड्यातली डॉक्टर होणारी पहिली पोरगी, आणि स्टेशनवर उतरले की निम्मं चाळीसगाव विचारणार, झाली का डॉक्टर? त्या विचाराने हुंदका दाबता येत नव्हता.

इतक्यात समोर एक गडद लाल कोट येऊन उभा राहिला. सोनेरी जरीची पट्टी, खांद्यावर झुपके, बँडवाल्यांचा असतो तसाच. वर पाहिलं तर मघाचा माझा रुग्ण. मला वाटलं, आता हा माणूस माझं सांत्वन करणार. पण ते चिडलेले होते. त्यांच्या दृष्टीने मी त्यांच्या छातीचा अपमान केला होता.

"मन्ही छातीवर आजपावत कोनी नापास व्हयनं नही," ते म्हणाले. "ऐतवारले पिंप्राळाले ये. कान संगे लई ये."

तो कोट म्हणजे एक प्रकरण होतं. तरुणपणी भाऊ त्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पुढे धाप लागायला लागली, फुंकर पुरेना, तेव्हा मालकांनी वाद्य काढून घेतलं आणि हातात वही दिली. कोट मात्र भाऊंनी परत केला नाही. शिकवणीला आणि परीक्षेला ते तोच घालून येत. त्याची सगळी बटणं काढून त्यांनी टिचबटणं लावून घेतली होती. दोन्ही हातांनी एक हिसका दिला की टटटट् करून कोट उघडे आणि छाती तपासायला तयार. पोरांचा वेळ वाया जायला नको, असा त्यामागचा विचार. पुढे ऐकायला वाकलेल्या एका परीक्षकांना त्या आवाजाने असं दचकवलं की ते दोन पावलं मागे सरले.

रविवारी आम्ही पाच-सहा जण धुळ्याहून पहिली एसटी धरायचो. पारोळा, एरंडोल करत जळगाव, तिथून रिक्षाने पिंप्राळा. गाडीत सगळे एकमेकांच्या मनगटावर नाडी मोजत बसलेले. कंडक्टरला आधी वाटायचं, पोरांना बस लागतेय. एकदा त्याने काळजीने लिंबूही दिलं होतं.

भाऊंच्या घरी पहिला नियम म्हणजे हात. नळीला शिवायचंच नाही. आधी रुग्णाचं नाव, गाव विचारा, मग चुलीपाशी जाऊन तळवे शेका, मग हात छातीवर ठेवा. पुण्याचा एक हुशार मुलगा आमच्यात होता. पहिल्याच रविवारी त्याने डिसेंबरातल्या थंडगार हाताने भाऊंच्या छातीला हात लावला, तर भाऊंनी त्याला उठवून अर्धा तास भाकरी थापायला बसवलं. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अक्का फारसं बोलत नसत, पण त्या दिवशी त्याची ओबडधोबड भाकरी पाहून पदराआड हसल्या. त्याचे हात मात्र चांगले गरम झाले आणि पुढे कधी थंड राहिले नाहीत.

दुसरा नियम याहून जाचक होता. "ऐकू आलं" असं म्हणायची कुणाला परवानगी नव्हती. जे ऐकू आलं ते समोरच्या पत्र्याच्या पेटीवर बोटांनी वाजवून दाखवायचं. परीक्षेत मी केलं तशी थाप मारता येते, पेटीवर मारता येत नाही. भाऊ स्वतः वाजवून दाखवायचे. ठप्प, हे झडप जोरात मिटल्याचं. ता-टक्, यातलं टक् म्हणजे आखडलेली झडप कशीबशी उघडल्याचं. आणि मग लांबलचक घुर्रर्रर्र, म्हणजे त्या चिंचोळ्या फटीतून रक्त रेटत जातंय. ठप्प, ता-टक्, घुर्रर्रर्र, आणि पुन्हा ठप्प. आमच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात हेच दीड पान भरून लिहिलं होतं, आणि त्या दीड पानात मला ते कधी दिसलं नव्हतं.

विद्यार्थ्यांचे त्यांनी बँडप्रमाणे प्रकार पाडले होते. ज्याला फक्त ठप्प ऐकू येई तो ढोल. घाई करणारा तो ताशा. सगळं नीट ऐकणारा, पण सांगताना लाजणारा, त्याला ते सनई म्हणत. मी खुळखुळा होते. आवाज भरपूर, ताल नाही. चार महिने मी खुळखुळाच राहिले आणि होस्टेलवरही मला त्याच नावाने हाक मारू लागले.

ऐकणं हा शिकवणीचा अर्धा भाग. उरलेला अर्धा बोलण्याचा, आणि त्यात भाऊंना खरा रंग चढायचा. ते रुग्णांच्या भूमिका करत. कधी कानाने कमी ऐकणारी म्हातारी, कधी दारू पितो हे लपवणारा, तर कधी जे विचाराल त्याला हो म्हणणारा. हा शेवटचा सगळ्यांत अवघड. ताप येतो? हो. खोकला? हो. पोटात दुखतं? हो. तुम्ही गरोदर आहात का? हो. पुण्याच्या मुलाने एकदा म्हातारी झालेल्या भाऊंना विचारलं की आपल्याला निद्रानाशाचा विकार आहे का. भाऊंनी क्षणभर विचार केला आणि म्हातारीच्या आवाजात म्हणाले, "माले नही. शेजारीनले इचारी देखस." आम्ही हसून लोटपोट झालो. पण पुढच्याच आठवड्यात त्या मुलाने वॉर्डात एका बाईला नुसतं विचारलं, मावशी, झोप लागते का, आणि ती बाई अर्धा तास बोलत बसली. त्या बोलण्यात तिचा रोग आपोआप सापडला.

परीक्षकांनाही भाऊ मनातल्या मनात गुण देत. बाहेरगावचे एक मोठे सर एकदा म्हणाले की झडप आखडलेली आहेच, शिवाय गळतीही आहे. मुके भाऊ पहिल्यांदाच बोलले. नम्रपणे म्हणाले, सर, एकदा परत ऐकता का? सरांनी कपाळाला आठ्या घालून पुन्हा ऐकलं, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाले, नाही, गळती नाही. भाऊंनी आम्हाला नंतर खुशीत सांगितलं की ते सर दुसऱ्या प्रयत्नात पास झाले.

आणि मग तो रविवार. बाहेर ऊन चढलेलं, भाऊ डाव्या कुशीवर वळलेले, श्वास सोडून थांबलेले. मी नळीचं टोक अगदी हलक्या हाताने टेकवलं होतं, आणि एकाएकी ते आलं. लांबून, खालून, घुर्रर्रर्र. इतके महिने ते तिथेच होतं आणि मी त्याच्यावरून चालत गेले होते. मी नळी कानात तशीच ठेवून पेटीवर बोटं आपटायला लागले. ठप्प, ता-टक्, घुर्रर्रर्र. भाऊ उठून बसले आणि माझ्याबरोबर वाजवू लागले. मग बाकीचे. आतून अक्का पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या, शेजारचे लोक कुंपणापाशी आले, आणि आम्ही सहा जण एका माणसाचं हृदय पत्र्याच्या पेटीवर वाजवत होतो. मला इतका आनंद परत फार थोड्या वेळा झाला आहे. लग्नातसुद्धा नव्हता झाला, हे माझ्या नवऱ्याला माहीत आहे.

आता मी केलेली चूक.

भाऊ पाणी कमी करणाऱ्या गोळ्या घ्यायचे. त्यांच्यामुळे फुफ्फुसं कोरडी राहत आणि धाप आटोक्यात असे. पण त्यामुळे एक लक्षण झाकलं जायचं. अशा रुग्णाच्या पाठीला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी नळी लावली तर बारीक चरचर ऐकू यायला हवी, साचलेल्या पाण्याची. ती भाऊंच्या पाठीत कधी नसायची. परीक्षेला आठ दिवस राहिले होते. मी पुस्तक मांडीवर घेऊन सहज बोलून गेले, भाऊ, सगळं ऐकलं, एवढी चरचर तेवढी कधी ऐकायला मिळाली नाही, परीक्षेत तीच विचारली तर? मला वाटतं, मी हेही म्हणाले की गोळ्या दोन दिवस नसत्या घेतल्या तर आली असती. सहज म्हणाले, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. सहज नव्हतं ते. मला एक लक्षण जास्त हवं होतं. आमच्यातल्या एकानेही मला अडवलं नाही. सगळ्यांनाच ते हवं होतं.

भाऊ फक्त हसले आणि म्हणाले, बघू.

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठी उघडली, तर पुन्हा त्यांचीच खाट. नशीब इतकं फळफळलेलं पाहून मी जवळजवळ पळतच गेले. भाऊ नेहमीसारखे छताकडे बघत नव्हते. ते बसलेले होते. कोटाची बटणं आधीच उघडी होती आणि कपाळावर घाम होता. मी तळवे चोळून गरम केले, हात ठेवला. हृदय भरधाव पळत होतं. माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे. पाठीला नळी लावली आणि खालच्या टोकाशी ती चरचर ऐकू आली. स्पष्ट, पुस्तकात लिहिली होती तशी.

मला आनंद झाला. एक क्षणभर का होईना, मला आनंद झाला, आणि हे लिहितानाही माझी मान खाली जाते.

मग मी नळी वर सरकवली. तिथेही चरचर. आणखी वर, खांद्याच्या पात्याशी, तिथेही. भाऊंनी खोकून तोंडाला रुमाल लावला आणि तो घाईने मुठीत लपवला. मी मूठ उघडायला लावली. रुमालावर गुलाबी फेस होता.

"भाऊ, गोळ्या?"

परीक्षेच्या खाटेवर त्यांनी मौन मोडलं. एकेका शब्दाला श्वास घेत ते म्हणाले, "चार दिन व्हयनात. तुले ऐकाले जोयजे व्हतं ना." मग हाताने मला खूण केली, की सगळं लिही, वेळ जातोय. "आते सांगी दे बठ्ठं. पास व्हय."

परीक्षक हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. केस अर्धी सोडून उठणारा विद्यार्थी नापास, हे आम्हाला चांगलं माहीत होतं. म्हणजे आणखी सहा महिने, आणि चाळीसगावच्या स्टेशनवर पुन्हा तोच प्रश्न. मी विचार केला असं म्हणणार नाही, कारण केला नाही. मी सिस्टरांना एवढ्या मोठ्याने हाक मारली की अख्खा हॉल वळला. भाऊंचे पाय खाटेखाली सोडले, पाठीशी उशा लावल्या, नळकांडं ओढत आणून ऑक्सिजनचा मास्क लावला, आणि सिस्टर इंजेक्शन भरेपर्यंत त्यांचं मनगट धरून उभी राहिले. इंजेक्शन जातंय तोवर परीक्षक धावत आलेले. त्यांनी आधी रुग्णाकडे पाहिलं, नाडी बघितली, सिस्टरांना दोन सूचना दिल्या. आणि मग तिथेच, उभ्या उभ्या, माझ्याकडे वळून त्यांनी परीक्षा सुरू केली.

"मर्मर ऐकलास?"

"नाही सर. आज ऐकू येत नाहीये. नुसतं पाणी ऐकू येतंय."

त्यांनी स्वतः नळी लावली आणि मान हलवली. मग पुस्तकातला ठरलेला प्रश्न विचारला. अशा रुग्णाला एकाएकी पाणी का भरतं, कारणं सांग. कारणं मला पाठ होती. जंतुसंसर्ग, अनियमित ठोके, बाळंतपण, अतिश्रम. ही यादी म्हणून दाखवून मोकळी होता आलं असतं. भाऊ मास्कच्या वरून माझ्याकडे बघत होते आणि डोळ्यांनी मला दटावत होते.

"यांनी गोळ्या बंद केल्या सर," मी म्हणाले. "मी म्हणाले म्हणून. मला चरचर ऐकायची होती."

सरांनी गुणांचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. मी धरून चालले की आता कॉलेजातूनच काढतील.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला, आणि मी पास होते. का, ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारायला गेले नाही. धावत वॉर्डात गेले. भाऊंच्या नाकात नळी होती, आवाज बसलेला होता, तरी त्यांनी आधी विचारलं ते निकालाचंच. मी पास म्हटल्यावर त्यांनी खाटेच्या लोखंडी कठड्यावर बोटांनी असा काही ताशा झडवला की सिस्टर रागावल्या. मला मात्र रडू फुटलं. मी त्यांना म्हटलं, भाऊ, आता मुंबईला जायचं. मी येते बरोबर, पण जायचं.

एवढा बोलका माणूस एकदम लहान झाला. "आवाज गया ते मी कोन?" ते म्हणाले. "बँडना वहीवाला."

ते खरं होतं. दर रविवारी पाच-सहा होऊ घातलेले डॉक्टर त्या माणसाभोवती मान वाकवून बसत होते, ते त्या बिघडलेल्या झडपेपायी. ती दुरुस्त झाल्यावर कोण कशाला धुळ्याहून पहिली एसटी धरणार होतं?

अक्का खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. तीन दिवस त्या तिथून हलल्या नव्हत्या. मी त्यांना सलग दोन वाक्यं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या नवऱ्याकडे न बघता, लुगड्याचा काठ सारखा करत म्हणाल्या, "तुमना बठ्ठा पोरं ऐकीसन घर चालना जातंस. मी रातभर ऐकस. आते श्वास शे का नही, हाई ऐकस. बारा वरीस व्हयनात, मन्हा डोयाले झोप नही."

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. वर्षानुवर्षं आपल्या छातीला कोण कसं कान लावतं याचे गुण देणाऱ्या माणसाला, घरातला सगळ्यांत तरबेज कान कुणाचा आहे, हे समजलं नव्हतं. मग मला म्हणाले, मुंबईची गाडी कधी असते, ते तुझ्या बापाला विचार.

बापाला विचारायची गरजच पडली नाही. मला, भाऊंना आणि अक्कांना घेऊन निघालेली मुंबईची गाडी चाळीसगावला थांबली तेव्हा माझे वडील रेल्वेचा निळा सदरा घालून प्लॅटफॉर्मवर उभे होते, हातात आईने दिलेल्या अळणी भाकरीचा डबा. खिडकीतून भाऊंचे दोन्ही हात धरून त्यांनी ते कपाळाला लावले. गाडी हलली तरी वडील बराच वेळ बरोबर चालत राहिले.

मुंबईच्या हॉस्पिटलातही भाऊंनी स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी ते कोट घालून खाटेवर बसले आणि तिथल्या शिकाऊ डॉक्टरांना त्यांनी निरोप धाडला, की हा आवाज उद्यापासून मिळणार नाही. बघता बघता रांग लागली. जागा पुरेना. मुंबईची ती फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं तळवे चोळून चोळून गरम करत होती आणि औषधांच्या ट्रेवर ठप्प, ता-टक् वाजवत होती. शेवटी स्वतः सर्जन आले, काय गोंधळ आहे बघायला. भाऊंनी त्यांनाही रांगेत उभं केलं आणि त्यांचे हात गार आहेत म्हणून एकदा परतही पाठवलं.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. पुढे कॉलेजचं पोस्टकार्ड येईनासं झालं, पण भाऊ परीक्षेआधी आपणहून धुळ्याला हजर होत आणि सरांशी वाद घालत, की पोरांना निरोगी छातीही ऐकवली पाहिजे. रोगी छाती ऐकून ऐकून पोरांना जिथे तिथे मर्मर भासायला लागतात. काही नाही, हे छातीठोकपणे सांगायला जास्त कान लागतो. दोन वर्षं भांडून त्यांनी ते मान्य करून घेतलं, आणि धडधाकट माणसाच्या छातीवर नापास होणाऱ्यांची एक नवीच जमात तयार झाली.

पण माझ्या मनात भाऊ म्हटलं की येतो तो मुंबईहून परतल्यानंतरचा पहिला रविवार. मी चार ज्युनियर पोरांना घेऊन गेले होते. सगळ्यांना उत्सुकता, की मोकळ्या झालेल्या झडपेचं काय ऐकू येतं. नळ्या गळ्यात, तळवे रिक्षातच चोळून तयार. सकाळचे सव्वानऊ झाले असतील. भाऊ दारापुढे खुर्ची टाकून बसले होते, साध्या बंडीवर, आणि मागे दार लोटलेलं. आम्हाला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आतून घोरण्याचा आवाज येत होता. चांगला खणखणीत. भाऊ कुजबुजत म्हणाले की घरी येऊन चार दिवस झाले, ती उठते, स्वयंपाक करते आणि परत झोपते. काल तर ताट वाढता वाढता भिंतीला टेकून झोपली.

एका पोराने हळूच नळी पुढे केली. भाऊंनी ती हाताने बाजूला सारली. "मन्ही छातीमा आते काही नही," ते म्हणाले, आणि दाराकडे बोट केलं. "हाई ऐका."

आम्ही चपला काढल्या आणि अंगणातच खाली बसलो. भाऊ आमच्याकडे पाठ करून, दाराला कान लावून उभे राहिले. अक्का साडेअकरापर्यंत उठल्या नाहीत, आणि त्या दिवशी शिकवणी झाली ती एवढीच.